‘स्पेलिंगच तर दुरुस्त केलं’ म्हणणाऱ्या वाचकांना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की इंजिनिअरिंगची पोरं हल्ली कुठल्यातरी ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा आतला कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमधलं, म्हणजे मॅन्युअलमधलं, एखादं स्पेलिंग दुरुस्त करतात आणि रेझ्युमेवर ‘ओपन सोर्स कॉन्ट्रिब्यूटर’ असं ठळक टायपात टाकून मोकळी होतात, कोडची एक ओळ लिहिलेली नसते, ही निव्वळ धूळफेक आहे वगैरे वगैरे. वाचून आधी हसू आलं कारण अर्धं पत्र खरं आहे. मग चिडचिड झाली, कारण उरलेलं अर्धं ज्यांनी लिहिलंय त्यांनी जन्मात कधी प्रूफ वाचलेलं नाही हे लगेच कळत होतं.

मी वाचलीत. रविवार कारंजाजवळ एका बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, आणि गोदाकाठी राहतो म्हटल्यावर दशक्रियेची कार्डं तर रोजचीच. लग्नपत्रिकेत चूक झाली तर मुलीचा बाप येऊन भांडतो, परत छापून घेतो, विषय संपतो. दशक्रियेच्या कार्डावर गेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर कोणी भांडत नाही, नुसतं बघतात माझ्याकडे. तर एका अक्षराची किंमत काय असते ते मला कोणी शिकवायला नको.

आता डीटीपीवालीचा ओपन सोर्सशी काय संबंध म्हणाल तर खरं सांगते, आधी पैशाचाच होता. आमच्या लाइनीत पूर्वी सगळी दुकानं कोणती सॉफ्टवेअर्स वापरायची आणि ती कुठून आणायची ते छापू नका, पण तुम्हाला माहितीये. पुढे भीती वाटायला लागली, तसं एकेक करत लिब्रेऑफिस, इंकस्केप, स्क्रायबस ही ओपन सोर्स सॉफ्टवेअरं शिकले, मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेतली. अशा सॉफ्टवेअरला इंग्रजीत ‘फ्री’ म्हणतात, त्याचा अर्थ फुकट की मोकळं हा घोळ त्या लोकांना अजून निस्तरता आलेला नाही. आपल्याकडे तो प्रश्नच नाही, ‘मोफत’ वेगळं नि ‘मुक्त’ वेगळं, आणि नाशिककरांच्या तर गंगापूर धरणाजवळ अख्खं मुक्त विद्यापीठ आहे, तिथे फी भरावी लागते हे घरोघरी ठाऊक आहे. मी मोफत म्हणून गेले आणि मुक्त म्हणून राहिले असं समजा. म्हणजे काय ते पुढे येतंय.

झालं असं की दिवाळीच्या आधी एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका माझ्याकडे होती. ६४ पानं, म्हणजे सोळा पानी चार फर्मे. जुन्या शिक्षकांनी हाताने लिहून दिलेल्या आठवणी, त्यातल्या दोघांचं अक्षर असं की एकेका शब्दासाठी फोन लावायचा. रोज रात्री दुकान बंद करताना दिवसभराचं काम दुसऱ्या डिस्कवर कॉपी व्हावं म्हणून मी एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरते. नाव सांगत नाही, बनवणारे बिचारे दोनच जण आहेत नि स्वतःच्या वेळात करतात. त्याचं नवीन व्हर्जन आलं. मी शहाणी, म्हटलं आधी मॅन्युअल वाचू या. त्यात स्वच्छ लिहिलेलं की कॉपी करताना आधीपासून असलेल्या फाइल्स ‘विल नॉट बी रिप्लेस्ड’. म्हणजे जुनी कॉपी तशीच राहणार आणि नवीन तिच्या शेजारी तारीख घालून ठेवली जाणार. मी निर्धास्त.

गुरुवारी संध्याकाळी लाइट गेली, बॅटरी बॅकअपने पण मान टाकली, आणि परत चालू केल्यावर मुख्य फाइल उघडली ती अर्धी कोरी. मी म्हटलं असू दे, कालची आहे की डिस्कवर. ती उघडायला गेले तोपर्यंत रात्रीची कॉपी होऊन गेलेली, आणि चांगल्या फाइलच्या डोक्यावर ही कोरी फाइल बसलेली. दोन फर्मे गेले. बत्तीस पानं. तीन रात्री जागून परत केली, त्या दोन शिक्षकांना परत फोन लावले, त्यातले एक म्हणाले, बाई तुम्ही मागच्या वेळी पण हाच शब्द विचारला होतात.

माझा भाचा इथेच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शनिवार-रविवार दुकानात येऊन बसतो कारण चहा आणि प्रिंटआउट फुकट. त्याने ते सॉफ्टवेअर उघडून आतला कोड वाचला. उघडून वाचता येतो, मुक्त म्हणजे ते. वाचून म्हणाला, ‘मावशी, कोड बरोबर आहे गं, नवीन व्हर्जनमध्ये त्यांनी मुद्दामच फाइल बदलायचं ठेवलंय. मॅन्युअलात चुकलंय. नाऊ लिहायचं होतं, नॉट लिहिलंय.’ विल नाऊ बी रिप्लेस्ड. डब्ल्यूच्या जागी टी, बास, एवढंच. आणि कीबोर्डवर ही दोन अक्षरं शेजारी नाहीत, म्हणजे बोट घसरलेलं नाही, सवय घसरलीये, हाताला ‘विल’ नंतर ‘नॉट’ लिहायची सवय असते. अशी चूक कुठला स्पेलचेकर पकडणार? दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत. ती माणसानेच वाचावी लागते, आणि ती पण अर्थ लावत.

आपल्याकडे याला ‘ध’ चा ‘मा’ म्हणतात. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं १७७३ साली, अशी गोष्ट सांगतात, खरं-खोटं इतिहासवाले बघतील, पण ज्या आनंदीबाईंवर तो आळ आहे त्यांच्याच नावाचं आनंदवल्ली आपल्या गंगापूर रोडला आहे आणि तिथून येता-जाता मला हल्ली ते मॅन्युअल आठवतं.

मी तर त्या दोघांना सणसणीत ईमेल लिहायच्या बेतात होते. भाचा म्हणाला, चिडू नकोस, आपणच दुरुस्त करू. त्या मॅन्युअलच्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटी पेन्सिल असते. ती दाबली की त्या पानाची तुमच्या नावाने वेगळी प्रत तयार होते, तुम्ही त्यात बदल करायचा आणि मूळ मालकांकडे पाठवायचा की बघा, घ्यायचं तर घ्या. त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. जुनी ओळ लाल रंगात, नवी हिरव्या रंगात, एकाखाली एक. मला एकदम आमचं जुनं गॅली प्रूफच आठवलं, तिथे लाल शाई असायची नि समासात खुणा, बाकी धंदा तोच.

आता बदलाबरोबर एक टीप लिहायची असते. त्याने लिहिलं ‘टायपो दुरुस्त केला’. मी म्हटलं थांब. हे काय लिहितोस? समोरचा माणूस दिवसाला अशा दहा टिपा बघत असेल, तुझी का वाचेल? काय होतं, काय केलं, का केलं, तिन्ही लिही. मग आम्ही दोघांनी बसून चार वाक्यं लिहिली, की कोणत्या व्हर्जनपासून वागणूक बदललीये, कोडच्या कुठल्या ओळीत ते दिसतंय, मॅन्युअल नेमकं उलटं सांगतंय, आणि त्यावर विश्वासून एका माणसाच्या फाइल्स गेल्यात. इंग्रजी त्याचं, कटकट माझी. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की छान पकडलंत, पण हेच वाक्य आणखी कुठे आहे का तेवढं बघाल का. बघितलं तर सॉफ्टवेअरच्या मदतीच्या संदेशात पण तेच वाक्य कॉपी-पेस्ट होऊन बसलेलं. तेही केलं. सहाव्या दिवशी बदल घेतला गेला, आणि त्यांनी स्वतःहून त्या ओळीला पिवळी इशाऱ्याची चौकट घातली.

हा त्या पोराचा पहिला कॉन्ट्रिब्यूशन. वर्गात सांगितलं तर मुलं हसली, अरे एक अक्षर बदललंस नि कसलं कॉन्ट्रिब्यूशन. तुमच्या पत्रलेखकांचं म्हणणं पण तेच. त्यांना माझी बत्तीस पानं दाखवायला हवी होती.

बरं, अर्धं पत्र खरं आहे म्हटलं त्याचं पण सांगते, नाहीतर म्हणाल भाच्याची बाजू घेते. डिजिटलओशन कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरला हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम चालवते. २०२० साली नियम असा होता की महिन्यात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट. झालं, टीशर्ट म्हटल्यावर काय, लोकांनी दिसेल त्या प्रोजेक्टच्या रीडमी फाइलमध्ये, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या पानात, कुठे ‘ऑसम’ शब्द घुसव, कुठे नुसती मोकळी जागा वाढव, असा पूर आणला, आणि प्रोजेक्ट सांभाळणारे लोक स्वतःचं काम सोडून हा कचरा झाडत बसले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच नियम बदलावा लागला, की जे प्रोजेक्ट स्वतःहून सामील होतील तिथलंच धरलं जाईल. हे घडलंय आणि त्यात आपल्या देशातली मुलं भरपूर होती हे पण कबूल करायला हवं. अशाने खरोखर वाचून चूक काढणाऱ्या पोराकडे पण लोक त्याच नजरेने बघायला लागले.

पण म्हणून स्पेलिंग दुरुस्त करणं हेच हलकं काम? डोनाल्ड कनूथ नावाचे एक मोठे संगणकशास्त्रज्ञ आहेत, आमच्या धंद्यातल्या माणसाने तर त्यांचा फोटो लावावा, कारण १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाची प्रूफं बघून इतके वैतागले की अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअरच लिहायला बसले, ते टेक. त्यांच्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा चेक द्यायचे. नुसती छपाईची चूक असली तरी. २.५६ का तर २५६ हा कॉम्प्युटरवाल्यांचा लाडका आकडा. लोक तो चेक वटवायचे नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावायचे. आणि इकडे आपण पोरांना हसतोय. (आमच्याकडे मुद्रितशोधकाला पानामागे काय मिळायचं ते लिहीत नाही, उगाच रडगाणं होईल.)

आता इथे एक गोष्ट आहे जी त्या पोरांनाही माहिती नसते. दिसली चूक की केली दुरुस्त असं चालत नाही. तुम्ही कुठल्याही वेबसाइटवर लिंक दाबून गेलात की तुम्ही कुठून आलात ते ब्राउझर तिकडे सांगतो, त्या सूचनेचं नाव ‘रेफरर’. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे दोन आर पाहिजेत, पण एकच आहे, ब्राउझर नि वेबसाइट ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या १९९६ च्या कागदात तसंच आलं आणि तोपर्यंत इतक्या सॉफ्टवेअरांत ते पसरलेलं की आता जगबुडी झाली तरी ते बदलणार नाही. गंमत म्हणजे पुढे त्याचंच धोरण ठरवणारी दुसरी सूचना आली ‘रेफरर पॉलिसी’, तिच्यात दोन आर आहेत. एकाच घरात दोन स्पेलिंग नांदतायत. युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल तयार करायची आज्ञा ‘क्रिएट’, तिच्या शेवटी ई नाही. युनिक्स परत करायचं झालं तर काय बदलाल असं ते बनवणाऱ्यांपैकी केन थॉम्पसन यांना विचारलं तर ते म्हणाले तो ई घालीन. आणि घरचंच उदाहरण द्यायचं तर तुमच्या-माझ्या कॉम्प्युटरचं घड्याळ ज्या यादीवरून भारताची वेळ ठरवतं तिच्यात आता ‘एशिया/कोलकाता’ आहे, पण आधीचं ‘एशिया/कलकत्ता’ पुसलेलं नाही, जुन्यांसाठी वेगळ्या फाइलीत जपून ठेवलंय. नाशिकच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच हवा की नको यावर भांडणारे आपण, आपल्याला हे लगेच समजायला हवं. नाव बदललं तरी जुन्या सातबाऱ्यावर जुनंच असतं.

म्हणजे कोडमधलं नाव हे मशीनला दिलेलं नाव आहे, त्याला हात लावायच्या आधी विचारा. डॉक्युमेंटेशन माणसासाठी आहे, तिथे चूक ठेवायला काही सबब नाही. भाच्याला मी हे सांगितलं तर म्हणाला हे तू कुठे शिकलीस. म्हटलं पतसंस्थेच्या अहवालात. सभासदाचं नाव रजिस्टरला चुकीचं असेल तर अहवालात तसंच छापावं लागतं.

दुसरं म्हणजे वेळ. हे मला स्वतःला ठेच लागून कळलं. सॉफ्टवेअरचं भाषांतर ज्या फाइलीत असतं तिच्यात वर मूळ इंग्रजी वाक्य असतं नि खाली आपलं मराठी. मशीन त्या इंग्रजी वाक्यावरूनच मराठी शोधतं. आता समजा कोणी इंग्रजी वाक्यातली एक छोटी चूक सुधारली, तर मशीनच्या लेखी ते वाक्यच नवीन झालं. खालच्या सगळ्या भाषांतरांवर ‘फझी’ असा शिक्का बसतो, म्हणजे संशयित, आणि कोणीतरी बघून तो काढेपर्यंत ते वाक्य त्या भाषांमध्ये परत इंग्रजीतच दिसतं. चाळीस भाषांत भाषांतर झालेलं असेल तर चाळीस माणसांना काम लागलं. म्हणून मोठ्या प्रोजेक्टांत रिलीजच्या आधी काही आठवडे स्ट्रिंग फ्रीझ असतो, ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपसारख्या ठिकाणी वर्षातून दोनदा मार्च-सप्टेंबरच्या रिलीजला, तेव्हा इंग्रजीतला कानामात्रा पण विचारल्याशिवाय हलवायचा नाही. मी अगदी त्या काळात एका ठिकाणी उत्साहाने स्वल्पविराम सुधारून पाठवला होता. अतिशय गोड भाषेत परत आला. फर्मा मशीनवर चढल्यावर पार्टी दुरुस्ती घेऊन आली की मी काय बोलते ते आठवलं नि गप्प बसले.

आणि आता मराठीबद्दल, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. इंग्रजी चुका बघायला जगभरची माणसं आहेत. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तर नेहमी चुकणाऱ्या स्पेलिंगची एक साधी यादीच ठेवलीये, डावीकडे चुकीचं, मधे दोन उभ्या रेघा, उजवीकडे बरोबर, आणि कोणी नवीन कोड पाठवायच्या आधी तपासला की ती यादी आपोआप मधे पडते. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये अशीच वही आहे, ‘सुरवात नव्हे सुरुवात’, ‘उज्वल नव्हे उज्ज्वल’, ‘आशिर्वाद नव्हे आशीर्वाद’, लग्नाच्या सीझनला ती बाहेरच असते. मराठी सॉफ्टवेअरची अशी वही कोणी ठेवायची?

एका सॉफ्टवेअरच्या मराठी मेनूत मी मजकूर उजवीकडे सरकवायला गेले तर तिथे बटणावर लिहिलेलं ‘बरोबर’. डावीकडे, मध्यभागी, बरोबर. राइट! भाषांतर करणाऱ्याला दोष देत नाही, त्याच्यासमोर फक्त एक सुटा शब्द आलेला असतो, स्क्रीन दिसत नाही, बटण दिसत नाही, त्याने आपलं बरोबर तेच केलं. पण त्यानंतर किती वर्षं किती मराठी माणसांनी ते बटण बघितलं असेल? कोणीच वाचलं नाही का? नाही वाचलं, कारण आपण सगळे मेनू इंग्रजीतच ठेवतो आणि मराठीत ठेवला की हसून परत इंग्रजी करतो.

मराठी दुरुस्तीला नुसतं मराठी येऊन भागत नाही हे पण खरं. ‘ॲप’ मधला ॲ घ्या. तो युनिकोडमध्ये, म्हणजे मशीनसाठी प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, एक अख्खं अक्षर म्हणून २००८ साली आला, ५.१ व्हर्जनला. त्याच्या आधी लोक अ टाइप करून वर चंद्र द्यायचे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, प्रूफ वाचणाऱ्याला शंभर वर्षं कळणार नाही, पण मशीनला ती वेगळी अक्षरं, त्यामुळे मॅन्युअलमध्ये शोधायला गेलं की अर्धी पानं सापडतच नाहीत. तसंच अर्ध्या र चं. ‘आचाऱ्यांचा सत्कार’ आणि ‘आचार्यांचा सत्कार’ यात फरक काय ते मी एका कार्यक्रमपत्रिकेच्या वेळी प्रत्यक्ष भोगलंय, स्वयंपाक करणारे काका स्टेजवर जायचे राहिले एवढंच. कीबोर्डवर तो अर्धा र, रफार न होता, कसा काढायचा हे माहिती नसल्यामुळे आजही चांगले शिकलेले लोक ‘दऱ्या’ लिहायला जातात आणि दर्या लिहून बसतात. डोंगर समुद्रात.

आणि स्पेलचेकर म्हणाल तर लिब्रेऑफिसमध्ये जो वापरतात तो हनस्पेल मूळ हंगेरियन भाषेसाठी लिहिलेला, ती पण आपल्यासारखी शब्दाला शेपट्या लावणारी भाषा, म्हणजे आपल्याला जमण्यासारखा आहे. पण त्याला नियम कोणीतरी भरून द्यावे लागतात. ‘गरीब’ दीर्घ पण ‘गरिबाला’ ऱ्हस्व, ‘फूल’ पण ‘फुलाला’, हे मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत आहे, १९६२ ला चौदा आणि १९७२ ला चार असे अठरा नियम, शाळेत सगळ्यांनी घोकलेत. माझ्या मशीनवर ‘नाशिक’ला काही होत नाही पण ‘नाशकात’ लिहिलं की खाली लाल नागमोडी रेघ. माझ्याच गावात मी चुकीची! ‘शिक’ मधली वेलांटी अशी गायब होते हे पुण्या-मुंबईत बसलेल्या कोणाला सुचणार, ते इथल्याच माणसाने उठून सांगायला हवं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ते पत्रलेखक म्हणतात तशी पोरांनी स्पेलिंगं दुरुस्त करायचं बंद करू नये, नीट करायला शिकावं, आणि शिकवणारी माणसं याच शहरात घरी बसून आहेत. नाशकात छपाईचा धंदा पिढ्यान्पिढ्यांचा. वर्तमानपत्रांतले, प्रेसमधले रिटायर झालेले मुद्रितशोधक मला नावानिशी माहितीयेत, तुमच्याही पेपरातले दोघे आहेत, नजर अशी की उलटा धरलेला कागद वाचतील. त्यांना गिट, म्हणजे असे बदल नोंदवून ठेवायचं सॉफ्टवेअर, येत नाही. पोरांना गिट येतं पण ‘नॉट’ नि ‘नाऊ’ डोळ्यासमोरून निसटतात. एकाला दुसऱ्याशेजारी बसवायचं, एवढंच करायचंय, याला ना फंड लागत ना कमिटी.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हा पेढे वाटले आपण. २७ फेब्रुवारीला तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा, वाढदिवस म्हणून मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे हे आपलं नाशिकचंच देणं. दरवर्षी हॉल, हार, भाषण, शेवटी पसायदान. एखाद्या वर्षी भाषण अर्धा तास कमी करा नि त्या वेळात एका सॉफ्टवेअरचा मराठी मेनू पडद्यावर लावा, सगळ्यांनी मिळून वाचायचा, चूक दिसली की हात वर. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे आपल्याकडे, वाचायलाच जागा मिळणार नाही असं तर नाही.

तोपर्यंत माझं दुकान आहे. रविवारी दहा ते एक शटर अर्धं खाली असतं, आत मी नि भाचा असतो, खुर्च्या चार आहेत, चार्जर आपापला आणावा. आत्ता आम्ही एका चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या मराठी वाक्यांत अडकलोय, रोज रात्री वीस-वीस वाक्यं होतात, कधी पाचच, कारण ‘लेयर’ला थर म्हणायचं का लेयरच ठेवायचं यावर आमचं भांडण चालू आहे. मी लेयरच्या बाजूची आहे, गिऱ्हाईक काउंटरवर जे बोलतं ते मेनूत असावं. त्याला शाळेत शिकवल्यासारखं पाहिजे.

पत्र लांबलंय, कापायचं तर वरचा टीशर्टचा भाग कापा, नॉट-नाऊचा कापू नका.

आणि जाता जाता. तुमच्या पेपरच्या वेबसाइटवर ‘आमच्याविषयी’ म्हणून पान आहे, त्यात तिसऱ्या ओळीत ‘निपक्षपाती’ असं लिहिलंय. निःपक्षपाती पाहिजे, विसर्ग राहिलाय. त्या पानाला पेन्सिल नाहीये, म्हणून पत्राने कळवते.

आपली,
एक डीटीपीवाली,
रविवार कारंजा, नाशिक
(नाव छापू नये, गिऱ्हाइकं जुन्या पत्रिका काढून चुका दाखवायला येतील.)